भाऊजी, तो माइक वाळूत मीच रोवला होता

भाऊजी,

परवाच्या गुरुवारी तुमच्या थोरल्या भावाने तुमचा लाउडस्पीकरचा सेट चालू केला. कर्ण्यातून जी किंकाळी फुटली ती ऐकून हिराबायच्या लेकीच्या हळदीच्या मांडवातल्या सगळ्या बायांनी कानात बोटं घातली, आणि बोटं हळदीची असल्यामुळे सगळ्यांचे कान पिवळे झाले. नवरी राहिली कोरडी आणि वऱ्हाडाला हळद लागली. कोळीवाड्यातली चार कुत्री तेव्हा जी धक्क्याकडे पळाली ती अजून परतलेली नाहीत. तुम्ही असतात तर बेंजोवर मान घालून हसला असतात. आम्हाला फक्त खांदे हलताना दिसले असते.

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले. मंडळाच्या लोकांनी मला सांगितलं, "वयनी, तुम्ही सातवी पास, शोकसभेत वाचायला काशिनाथवर चार ओळी लिहा." मी कागद घेऊन बसले. 'कैलासवासी काशिनाथ यांचा जन्म' इथवर लिहिलं आणि अडकले, कारण तुमचा जन्म कधी झाला ते आपल्या घरात कुणालाच ठाऊक नाही. सासूबाई म्हणायच्या, मोठं वादळ झालं त्याच्या आदल्या साली. पण कुठलं मोठं वादळ ते त्यांनी तीन वेळा तीन वेगळं सांगितलं. मग तो कागद मी चुलीत घातला आणि थेट तुम्हालाच लिहायला घेतलं. ह्यात एक सोय आहे. एरवी मी बोलायला लागले की तुम्ही म्हणायचात, "वयनी, किनाऱ्याला लागा आता." आज मला कोणी अडवणार नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक सात वर्षांपूर्वीची, एक परवाची. दोन्हीत फजिती माझीच आहे, त्यामुळे तुम्हाला आवडतील.

तुम्ही तो माइक घेऊन मुंबईहून आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी मी ह्या घरात आले, त्यानंतर सात-आठ वर्षांनी असेल. लाँचमधून उतरलात ते एक खोका छातीशी धरून. खोका लुंगीत गुंडाळलेला. आम्हाला वाटलं, हलवा आणला. ओटीवर बसून तुम्ही पदर उलगडावा तशी लुंगी उलगडलीत, आणि आतून निघालं एक जाळीचं डोकं नि त्याला वीतभर दांडा. सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या वांग्यासाठी मुंबईला गेला व्हतास?"

तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत. दुकानदाराने तीन जातींचे माइक दाखवले. एक नुसत्या भाषणाचा, त्याच्यात वाद्य धरलं की खरखर. दुसऱ्याच्या पोटात स्फटिक, पण तो खाऱ्या दमट हवेत दोन पावसाळेसुद्धा काढत नाही. तिसरा डायनॅमिक. त्यातला हा सगळ्यांत साधा, नव्याने वाजवायला लागलेल्या पोरांना देतात तो. "पण धट्टाकट्टा हाय," तुम्ही म्हणालात. "आत पातळ पडदा. पडद्याला बारीक तारेचं वेटोळं. वेटोळ्याभवती लोहचुंबक. आवाज लागला की पडदा हलतो, वेटोळं हलतं, आन् आवाज तारेतून धावत मशीनला जातो." मी मान हलवली. भाऊजी, मला त्यातलं लोहचुंबक सोडून काही कळलं नव्हतं, आणि लोहचुंबकाचंही जे कळायला हवं होतं ते कळलं नव्हतं. पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच.

तुम्हाला माइक का हवा होता ते मात्र मला कळत होतं. आपल्या गावात हळू आवाजाला जागा नाही. इथे माणसं एका होडीतून दुसऱ्या होडीतल्या माणसाशी वाऱ्यावरून बोलतात, आणि घरी आल्यावर मीठ मागतात तेही त्याच आवाजात. अशा गावात तुम्ही निवडलात बेंजो. टायपरायटरसारखी बटणं, खाली चार तारा, आवाज म्हणाल तर भरल्या घागरीवर नख मारावं तेवढा. शेजारी तुमचे थोरले बंधू ढोलकी वाजवणार, म्हणजे होडीच्या फळीत खिळे ठोकणार. वर्षानुवर्षं तुम्ही हळदीला, साखरपुड्याला मांडवात बसून बोटं हलवलीत आणि कोणाला काही ऐकू गेलं नाही. पोरं विचारायची, "काशिनाथदादा, अर्ज लिहून झाला का?" तुम्ही हसायचात. पण घरी आल्यावर मागच्या पडवीत बसून तीच गत पुन्हा वाजवायचात, एकटेच. ते मी आतून ऐकलेलं आहे.

माइक एक आणि माणसं तीन. त्यावर तुम्ही जी युक्ती काढलीत ती आपल्या माणसालाच सुचावी. समुद्राची खोली मोजायची दोरी असते तशी एक सुतळी तुम्ही माइकच्या काठीला बांधलीत आणि तिला गाठी मारल्यात. पहिली गाठ एका वितेवर, ती बेंजोची. दुसरी दोन हातांवर, ती माझ्या गळ्याची. तिसरी पुऱ्या एका वावेवर, दोन्ही बाहू पसरले की जेवढं अंतर होतं तेवढ्यावर. तिथे ढोलकी, तीसुद्धा तोंड फिरवून. ह्यांचा पारा चढला. "मी थोरला, मी घरचा कर्ता, आन् मला वावभर लांब? पाठमोरा?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "दादा, तुमचा आवाज खाडीपल्याड दिघीला ऐकू जातो. त्याला माइक कशाला?" ह्यांना ती स्तुती वाटली. अजून वाटते.

माझा वाद वेगळा होता. मी म्हणायचे, गाण्याला शब्द असतात, लोक शब्द ऐकायला येतात, तेव्हा वितेवर मी आणि दोन हातांवर बेंजो. तुमचं एकच, "वयनी, मागं सरा." तुमचं म्हणणं, जो हळू आहे त्याने जवळ बसायचं. आणि मग ते आवडतं वाक्य, "शब्द न्हायत तिथंपन काहीतरी बोललं जातं, ते ऐकायला शिका." मी म्हणायचे, शब्द नसलेलं ऐकायचं तर गावकीच्या सभेत जाऊन बसावं. सात वर्षं हा वाद चालला आणि दोघांपैकी कोणी एक तसूभर हललं नाही.

ह्या सगळ्यात सगुणा कुठे असायची? तुमची बायको, माझी धाकटी जाऊ. तिला ना गाता येत, ना वाजवता. पण मशीनपाशी तीच बसायची, कारण तुमचे दोन्ही हात बेंजोवर. बॅटरीच्या तारा जोडणं, मशीनचे दिवे लाल होईतो थांबणं, शिट्टी सुरू व्हायच्या आधीच बटण केसभर उतरवणं, सगळं ती करायची. तिचा एक हात बटणावर आणि दुसऱ्यात बहुतेक पान. कडवं संपलं, तुमची बेंजोची जागा आली की ती बटण एवढंसं वर न्यायची. तुम्ही तिच्याकडे बघत नव्हतात, ती तुमच्याकडे बघत नव्हती. तुमच्या दोघांत प्रेमाचं बोलणं म्हणून मी पाहिलं ते एवढंच, आणि खरं सांगायचं तर आमच्या ढोलकीवाल्याकडून मला तेवढंही कधी मिळालं नाही.

आता नारळी पुनवेची गोष्ट. सोनेरी कागदाचा नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर आला. होड्या रंगवलेल्या, पताका लावलेल्या. आपला सेट तिथेच, वाळूवर. ठरलं होतं की आधी मी दोन शब्द बोलायचे, मग एक गाणं, आणि गाण्यानंतर तुम्ही एकट्याने बेंजो वाजवायचा. पहिल्यांदाच. सगळ्या गावासमोर. तुम्ही सकाळपासून जेवला नव्हतात.

मी काठीवरून माइक काढून हातात घेतला आणि दोन शब्दांचे वीसेक केले. तेवढ्यात हिराबायने माझ्यापुढे आरतीचं ताट धरलं, "धर गो, धर, माझा हात भाजला." माझ्या एका हातात माइक. आता किनाऱ्यावरच्या माणसाला हातातली वस्तू खाली ठेवायची म्हणजे काय करायची? वाळूत रोवायची. वल्हं आपण रोवतो, काठी रोवतो, कोयता रोवतो, कंदीलसुद्धा रोवतो. मी माइक रोवला. डोकं खाली, दांडा वर. घट्ट. हलवूनसुद्धा पाहिला, पडत तर नाही ना म्हणून.

आणि श्रावणातला आपला किनारा! लाटांनी सगळी काळी वाळू वर आणून पट्टे पाडलेले. पोरं लोहचुंबकाच्या तुकड्याला दोरा बांधून ती काळी वाळू ओढत फिरतात, ते मी रोज पाहते. पण पाहणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं. आरती झाली, मी माइक उपटला, तर त्याला दाढी! काळी, राठ, चांगली वाढलेली दाढी. मी पदराने पुसली. जेवढी पुसली तेवढी ती जाळीतून आत गेली. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी माइक काठीवर बसवला आणि साळसूद चेहऱ्याने गायला उभी राहिले. गाणं कसंबसं झालं. माझा आवाज मोठा आणि ह्यांची ढोलकी त्याहून मोठी, कोणाला काही जाणवलं नाही. मग तुमची वेळ आली.

तुम्ही बेंजो वितेवर आणलात, डोळे मिटलेत, आणि कर्ण्यातून आवाज आला तो तापल्या तव्यावर कोलंबी टाकल्यासारखा. चर्रर्र. तुम्ही थांबलात, पुन्हा छेडलंत, पुन्हा चर्रर्र. कोणीतरी ओरडलं, "काशिनाथा, बेंजो हाय का भज्याची कढई?" सगळा किनारा हसला. तुम्ही माइक हातात घेऊन जाळी पाहिलीत. मग वर पाहिलंत आणि मोठ्याने म्हणालात, "माझ्याच हातून वालूत पडला. माफी करा मंडळी."

मी तिथेच होते, भाऊजी. तुमच्यापासून दोन हातांवर. एक वाक्य बोलायचं होतं, 'ह्यांनी नाही, मी.' जी बाई दोन शब्दांचे वीस करते तिला ते एक वाक्य सुचलं नाही. मला वाटलं, तुम्हाला खरंच वाटतंय की तुमच्याच हातून पडला. मग कशाला उकरून काढा? सात वर्षं मी तोच समज धरून राहिले, कारण तो सोयीचा होता. गाव तुम्हाला 'कोलंबी काशिनाथ' म्हणत राहिलं, आणि त्या हसण्यात दोन-तीनदा मीही हसले आहे. आता लिहिताना कान तापताहेत.

त्यानंतर तुम्ही दिवाळीपर्यंत त्या माइकला लागला होतात. पडवीत उजेडात बसून जाळी उघडायची, मेणाची बारीक गोळी काडीला लावायची, आणि त्या पडद्यावरून वाळूचा एकेक कण टिपायचा. श्वास रोखून. मी चहा आणून ठेवायचे आणि पळ काढायचे. शेवटी तो बोलायला लागला, पण कायमचा पडशाचा आवाज घेऊन. जरा जाड, जरा घोगरा. पुढे लोक म्हणायला लागले, काशिनाथच्या माइकमधून बेंजो गोड लागतो, मुंबईहून येणाऱ्या चकचकीत सेटमध्ये ती गंमत नाही. ते ऐकून मला बरं वाटायचं. म्हणजे बघा, गुन्ह्याचं श्रेयही मी मनातल्या मनात घेत होते.

आपलं शेवटचं भांडण वैशाखातल्या लग्नात झालं. तुम्हाला एक अख्खी गत बिनशब्दांची वाजवायची होती. तुम्ही वाजवत होतात, बाया कुजबुजत होत्या, मला वाटलं लोक कंटाळले, म्हणून मी मध्येच गाणं सुरू केलं. तुम्ही लगेच माझ्या गाण्यामागे आलात, चेहऱ्यावर काही नाही. परतताना होडीत म्हणालात, "वयनी, आणखी थोडं थांबायला हवं व्हतं." मी म्हणाले, "लोक झोपले असते." तुम्ही म्हणालात, "झोपले असते तर काय बिघडलं असतं?" उत्तर उद्या देते म्हणाले. मग पावसाळा आला, मग तुमचा ताप आला, आणि ते उत्तर माझ्याकडेच राहिलं.

आता परवाचं.

हिराबायच्या मुलीच्या लग्नाला सेट सांगितलेला होता तो तुम्हालाच, तुम्ही होतात तेव्हा. हळदीच्या तीन दिवस आधी बाया आमच्या ओटीवर जमल्या. धवलारीण जनाबाय, आपल्याकडची लग्नं जिच्या गाण्यांवाचून लागत नाहीत ती, पान जुळवत म्हणाली, "सेट येऊ दे. पन सगुणानं मांडवात बसू नये. नवीन दुःख हाय. हळदीचं काम हाय." हिराबाय माझ्याकडे बघत होती, मी काही बोलेन म्हणून. मी सुपातले तांदूळ निवडत राहिले. निवडून झालेले तांदूळ, भाऊजी, ते पुन्हा निवडले. सगुणा आत चुलीपाशी होती, तिने सगळं ऐकलं. संध्याकाळी तिने मशीन पुसून, बॅटरी ओटीवर आणून ठेवली आणि एवढंच म्हणाली, "मोठ्या भावजींना सांगा, तारा उलट्या जोडू नका."

हळद दुपारची. ह्यांनी तारा सुलट्या जोडल्या, ते खरं. पण कर्णा माइककडे तोंड करून बांधला आणि बटण पूर्ण उघडलं. पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलंय.

मी सगुणाकडे पळाले. ती मागच्या पडवीत सुके बोंबील निवडत होती आणि आपल्याशीच बोलत होती, "कर्णा फिरवा... अगोदर कर्णा फिरवा..." मी म्हणाले, "सगुणा, मला नीट सांग, काय करायचं. मी जाऊन करते." तिने सांगितलं. कर्णा तिकडे, बटण इतकं, माझी जागा दुसऱ्या गाठीवर. मी निघाले तशी म्हणाली, "बाय, माइक तेवढा हातात घेऊ नका. तुम्ही वस्तू कुठं ठेवाल त्याचा नेम न्हाय."

मी उंबऱ्यातच थांबले.

"तुला ठाऊक हाय?"

"मी मशीनपाशी व्हते. माझं लक्ष माइककडंच असतं, दुसरीकडं कुठं असणार? तुम्ही रोवला तेव्हा बटणच बंद केलं मी. न्हायतर वालूत खुपसल्याचा आवाज दिघीला गेला असता."

"आन् भाऊजींना?"

"त्यांनी पन पाहिलं. तुमच्या पदराला काली वालू व्हती." तिने एक बोंबील उचलून उन्हात धरला, बाजूला टाकला. "मी त्यांना बोलले, सांगा की लोकांना. तर म्हनाले, नको. वयनी गानं सोडंल. माझं हसं झालं तर मी उद्या पुन्हा वाजवीन, तिचं हसं झालं तर ती पुन्हा उभी राहनार न्हाय."

भाऊजी, तुम्ही मला इतकं बरोबर ओळखून होतात ह्याचा मला आधी राग आला. मग मी पडवीच्या पायरीवर बसले आणि रडले. सगुणा म्हणाली, "रडा, पन लवकर. मशीनचे दिवे तापलेत, बॅटरी उतरतेय."

मी मांडवात गेले. कर्णा फिरवायला लावला, बटण सांगितलं तिथे आणलं. शिट्टी थांबली. दुसऱ्या गाठीवर उभी राहिले, सगळ्या बाया पिवळ्या कानांनी माझ्याकडे बघायला लागल्या, ह्यांनी ढोलकीवर थाप दिली, आणि माझ्या तोंडून गाण्याऐवजी निघालं, "नारळी पुनवेला माइक वाळूत काशिनाथभाऊजींनी पाडला नाही. मी रोवला. डोकं खाली करून." कर्णा धक्क्याकडे तोंड करून होता. मागाहून कळलं की होडीवर जाळी शिवणाऱ्यांनीही ते ऐकलं. मला थांबता येईना. "सात वर्षं तुम्ही त्यांना हसलात. त्यांना ठाऊक होतं, सगुणाला ठाऊक होतं, दोघं गप्प राहिले, माझ्यासाठी. आणि तीन दिवसांपूर्वी तिच्याविषयी बोलणं झालं तेव्हा मी पुन्हा गप्प बसले. ह्या सेटला हात लावायचा हक्क ह्या गावात कोणाला असेल तर तिला आहे. ती नसेल तर मी गात नाही."

ढोलकी गप्प, हे विशेष. मग जनाबाय म्हणाली, "हे सांगायला सात वर्सं लागली तुला? आन् म्हनं सातवी पास!" बाया हसल्या. हिराबाय मात्र हसली नाही. ती उठली, हात पुसले, आणि कोणाला न विचारता सगुणाला आणायला आमच्या घराच्या दिशेने चालू लागली.

सगुणा आली. आली पण मांडवात पाऊल टाकलं नाही. जनाबायकडे बघून म्हणाली, "म्हातारे, तुझा शब्द मी मोडनार न्हाय. मी भायेर बसते." पोरांकडून मशीन तिने मांडवाबाहेर आणवलं, नारळाच्या झावळ्यांचा झाप लावलेला होता त्याच्या पलीकडे, तार लांब सोडली, आणि पान लावत बसली. मला वाटलं, माझ्या भाषणाचा उपयोग एवढाच. मी गळा साफ केला. तेवढ्यात झापापलीकडून आवाज आला, "मला माइक दिसत न्हाय. कोन कुठल्या गाठीवर हाय ते दिसल्याबिगर बटण कसं फिरवू? झाप काढा."

सगळ्यांनी जनाबायकडे पाहिलं. जनाबायने छपराकडे पाहिलं. मग म्हणाली, "काढा की. ती जागची हलली थोडीच हाय." चार माणसांनी मांडवाची ती अख्खी बाजू सोडवून बाजूला ठेवली, भाऊजी, आणि तुमची बायको जिथे होती तिथेच बसून हळदीच्या मांडवात आली.

मी गायले. पहिलं कडवं संपलं आणि तुमची जागा आली. वितेवर कोणी नव्हतं. हे ढोलकी वाजवायचे थांबले, तेही आपणहून. मला वाटलं, आता सगुणा बटण खाली करील, मी दुसरं कडवं घेईन. तिने बटण वर नेलं. तुमच्यासाठी न्यायची तेवढंच. आणि त्या घोगऱ्या माइकमधून मांडवाचा आवाज मांडवाला ऐकू यायला लागला. हळद वाटणाऱ्या बायांच्या बांगड्या. तान्ह्या पोराचं चुटचुट दूध पिणं. हिराबाय नाक ओढत होती ते. नवरी आईला हळूच म्हणाली, "आये, मला भूक लागली." आणि ह्या सगळ्याच्या मागे, झाप काढल्यामुळे मोकळा झालेला समुद्र. कोणी झोपलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आणखी थोडं थांबले. वाद तुम्ही जिंकलात, भाऊजी. हेच माझं उत्तर, सहा महिने उशिरा.

जनाबायने जाताना सगुणाच्या हाताला हळदीचं बोट पुसलं, पुसायला फडकं मिळालं नाही असा आव आणून. सगुणानेही ते धुतलं नाही, पाणी लांब होतं असा आव आणून.

हे लिहीत बसले होते त्याला आता चौथा दिवस. मध्ये दिवेआगरहून माणूस आला होता, तिकडच्या वाडीत लग्न आहे, सेट मिळेल का विचारायला. मी म्हणणार होते, घरात विचारून सांगते. माझ्या आधी सगुणा म्हणाली, "मिळंल. पन ढोलकी वावभर लांब बसंल, आधीच सांगून ठेवते." तुमचा बेंजो तिने कोणाला दिला नाही आणि स्वतःही हात लावला नाही. पेटीत आहे, तारा सैल करून ठेवल्यात. बघू, कोणाची बोटं हळू निघतात ते.

आज दिवेआगरच्या त्या लग्नाला निघायचंय; आगरदांड्याहून खाडी ओलांडणारी दिघीची तर, म्हणजे मोठी होडी, दहाला सुटते, दिघीहून पुढे बैलगाडी. खाली होडी लागली आहे आम्हाला आगरदांड्याला सोडायला. सगुणाने बॅटरी मधोमध ठेवून घेतली, कर्ण्यावर पोतं बांधून घेतलं, माइक मांडीवर घेऊन बसली आणि तुमच्या थोरल्या भावाला होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसवलं, पाठमोरं. आत्ता ही तिसरी हाक, "बाय, लिहून झालं असंल तर चला, न्हायतर मी जाते."

आणि ती जाईल, भाऊजी. आठवड्यापूर्वी मला काळजी होती की ही घराच्या पुढच्या दारी तरी येईल का. आज मला होडी चुकायची काळजी आहे.